‘फायर अँड ब्लड’: एका काल्पनिक बखरीचं परीक्षण

कादंबरी समजून ‘फायर अँड ब्लड’ उघडलं, तर शंभर पानांच्या आतच दम लागतो. बखर समजून उघडलं, तर सातशेच्या वर पानं असूनही हातातून सुटत नाही. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचं हे इंग्रजी पुस्तक नोव्हेंबर २०१८ मध्ये आलं. वेस्टेरॉस नावाच्या कल्पित खंडावर ड्रॅगनांच्या जोरावर राज्य करणाऱ्या टार्गेरियन घराण्याचा हा इतिहास. पहिला राजा एगॉन याच्या स्वारीपासून ते त्याच नावाच्या तिसऱ्या राजाने वयात येऊन कारभाऱ्यांना निरोप देईपर्यंत, म्हणजे तिथल्या कालगणनेनुसार साधारण १३६ वर्षांचा. एक नायक नाही, एक कथानक नाही. राजे येतात, लग्नं होतात, तह मोडतात, साथी येतात, वारस मरतात, आणि सांगणारा मधूनमधून थांबून म्हणतो की या ठिकाणी आमच्या साधनांत मतभेद आहेत.

ते मतभेदच या पुस्तकाचा खरा माल आहे. मराठवाड्यातल्या, त्यातही इतिहास थोडाफार वाचलेल्या वाचकाला तो चटकन ओळखीचा वाटेल.

लेखक म्हणून आतल्या पानावर नाव आहे ते आर्चमेस्टर गिल्डेन याचं. ओल्डटाउन शहरातल्या सिटाडेल या विद्यापीठातला हा पंडित; मार्टिन यांनी स्वतःकडे फक्त लेखनिकाची भूमिका घेतली आहे. गिल्डेन घटनांनंतर कितीतरी पिढ्यांनी लिहितो आहे. त्याने काहीही डोळ्यांनी पाहिलेलं नाही. त्याच्यासमोर दप्तरं आहेत, पत्रं आहेत, आणि घराण्यातल्या मोठ्या यादवीसाठी, जिला ‘डान्स ऑफ द ड्रॅगन्स’ म्हणतात, तीन मुख्य साधनं आहेत. पहिलं सेप्टन युस्टेसचं. हा राजवाड्यातला पुरोहित; भाषा सोवळी, कल दुसऱ्या एगॉनच्या बाजूचा. दुसरं ग्रँड मेस्टर मंकनचं. हा विद्वान, मांडणी नीटनेटकी, पण यादवीच्या काळासाठी त्याची भिस्त ऑरवाइल या आधीच्या ग्रँड मेस्टरच्या जबानीवर; आणि ऑरवाइलने ती कैदेत बसून, स्वतःचा जीव आणि नाव वाचवण्यासाठी लिहिलेली. तिसरं मशरूमचं. हा दरबारातला बुटका विदूषक. त्याला मंदबुद्धी समजून लोक त्याच्यादेखत काहीही बोलत, आणि तो सगळं लक्षात ठेवी. त्याच्या आठवणी चविष्ट, अश्लील आणि बऱ्याचदा अशक्य कोटीतल्या.

एक उदाहरण पुरेसं आहे, आणि ते यादवीच्या अगदी सुरुवातीचं असल्यामुळे पुढचा रस कमी होत नाही. राजा विसेरीस मरतो. मंत्रिमंडळ गुपचूप जमतं आणि मुलीऐवजी, म्हणजे रेनीराऐवजी, मुलाला, म्हणजे दुसऱ्या एगॉनला, गादीवर बसवायचं ठरवतं. म्हातारा खजिनदार लॉर्ड लायमन बीसबरी विरोध करतो. पुढे काय? ऑरवाइल सांगतो की राजाच्या अंगरक्षकांचा प्रमुख सर क्रिस्टन कोल याच्या हुकमाने त्याला दाराशीच धरलं, अंधारकोठडीत टाकलं आणि खटल्याची वाट पाहता पाहता तो थंडीने आजारी पडून मेला. युस्टेस सांगतो की कोलने त्याला पुन्हा खुर्चीत दाबून बसवलं आणि खंजिराने गळा चिरला. मशरूम सांगतो की कोलने त्याची मानगूट धरून त्याला खिडकीबाहेर फेकलं आणि तो खालच्या कोरड्या खंदकातल्या लोखंडी खिळ्यांवर पडला. तिघांचं एकमत एवढ्यावरच, की यादवीतला पहिला बळी हा.

आता हे वाचताना थांबून विचारायचं: कैदेतल्या ऑरवाइलला ‘तो आजारी पडून मेला’ असं सांगण्यात काय फायदा होता? त्या बैठकीत तो स्वतः हजर होता. आपल्या डोळ्यांदेखत खून झाला आणि आपण गप्प बसलो, हे तो कशाला लिहील? म्हणजे सर्वांत सौम्य हकिकत ही सर्वांत प्रामाणिक असेलच असं नाही. हे गिल्डेन उलगडून सांगत नाही. तो तीन हकिकती शेजारी शेजारी ठेवतो आणि पुढे निघून जातो. उरलेलं काम तुमचं. ज्याला हे काम करायचं नाही त्याला पुस्तक कोरडं वाटणार, आणि ते स्वाभाविक आहे.

दौलताबादचा किल्ला चढलेल्या माणसाला हा सराव नवा नाही. मुहंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीला आणली, ती हकिकत आपल्यापर्यंत मुख्यतः तिघांकडून येते. इसामी या फारसी कवीने १३५० मध्ये दौलताबादेत बसून लिहिलं. आश्रयदाता कोण, तर तुघलकाविरुद्ध उठून स्वतंत्र झालेला पहिला बहमनी सुलतान. शिवाय इसामीचा म्हातारा आजोबा त्याच स्थलांतरात वाटेवर मेलेला. बरनी हा इतिहासकार सुलतानाच्याच दरबारात वावरलेला. त्याने लिहिलं ते पुढच्या सुलतानाच्या काळात, दिवस फिरल्यावर. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दिल्लीला पोचला तोच काही वर्षांनी, म्हणजे त्याची हकिकत ऐकीव. पण लोकांच्या तोंडी राहिली ती त्याचीच: आंधळ्याला दिल्लीहून फरफटत आणलं आणि दौलताबादेत त्याचा फक्त एक पाय पोचला. मशरूमचं पुस्तकात जे स्थान आहे, ते हुबेहूब हेच. सर्वांत कमी विश्वासार्ह, सर्वांत जास्त लक्षात राहणारा. देवगिरीच्या वेढ्यात धान्याची म्हणून भरलेली पोती फोडली तर आत मीठ निघालं, ही गोष्टही याच जातीची. खरी असो नसो, तिच्याशिवाय रामदेवरायाचा पराभव कुणी सांगत नाही.

म्हणून वाचताना पेन्सिल हाती ठेवावी. समासात युस्टेससाठी ‘यु’, मंकनसाठी ‘मं’ आणि मशरूमसाठी ‘म’ एवढंच लिहायचं. ऑरवाइलचं नाव थेट आलं तर ‘ऑ’. यादवीची प्रकरणं संपेपर्यंत पानांवर एक नकाशाच तयार होतो: राजवाड्यातल्या खलबतांच्या पानांवर ‘यु’ आणि ‘ऑ’ दाटीने येतात, रेनीराच्या गोटातल्या पानांवर ‘म’, कारण मशरूम युद्धाचा बराच काळ तिच्याकडे होता. ज्या पानावर एकही खूण नाही तिथे अधिक सावध व्हावं. तिथे गिल्डेन स्वतःच्या जबाबदारीवर ठाम विधान करतो आहे, आणि ते कशाच्या आधारावर हे त्याने सांगितलेलं नाही. बंद खोलीत दोघांत झालेला संवाद अवतरणचिन्हांत आला, की विचारावं: हा ऐकला कुणी? कधीकधी पुढच्याच वाक्यात उत्तर मिळतं. कधी मिळतच नाही.

गिल्डेनच्याही खोडी आहेत. तीन हकिकतींत तो बहुतेक वेळा मधली निवडतो, जणू सत्य नेहमी मध्यावरच असतं. मशरूमवर विश्वास ठेवू नये असं बजावतो आणि लगेच मशरूमची अख्खी हकिकत तपशिलासकट देतो. ही मार्टिन यांची गफलत नाही, पात्ररेखन आहे. संपूर्ण पुस्तकात ज्याच्या मनात आपण सर्वांत जास्त वेळ राहतो असं पात्र म्हणजे हा इतिहासकारच. त्याचा कल ओळखायला लागला की वाचनाची गोडी दुप्पट होते. आपल्याकडे सभासदाने शिवाजी महाराजांची बखर जिंजीत राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली, हे माहीत असल्यावर त्याच्या प्रत्येक वाक्याचं वजन वेगळं लागतं, तसंच इथे. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी साधनं मराठीत आणली. ती वाचायची सवय ज्यांना आहे, त्यांनी हे पुस्तक चुकवू नये.

कालगणनेपाशी पहिली ठेच लागते, आणि तीही पहिल्याच प्रकरणात. वर्षं मोजतात ती एगॉनच्या विजयापासून. पण विजय म्हणजे कुठला दिवस? एगॉन आपल्या बहिणी विसेन्या आणि रेनीस यांच्यासह किनाऱ्यावर उतरला तो दिवस नव्हे. ओल्डटाउनला धर्मगुरूच्या हातून त्याला मुकुट चढला तो. मधे जवळपास दोन वर्षं लढाया झाल्या. त्यामुळे ज्या मोहिमेने राज्य जिंकलं, ती मोहीम त्याच शकानुसार शकापूर्वीची ठरते. हॅरनहॉलचा किल्ला जळणं, दोन राजांच्या एकत्रित फौजेतली चार हजारांवर माणसं एका दिवसात आगीत जाणं, हे सगळं शकारंभाआधीचं. उतरण्याचा दिवस पहिलं वर्ष धरला तर पुढे सगळ्यांची वयं दोन वर्षांनी चुकतात. शिवाय शकापूर्वीच्या वर्षांसाठी जी इंग्रजी आद्याक्षरं आहेत ती इसवी सनपूर्व काळाच्या आद्याक्षरांसारखीच दिसतात. पहिल्या वाचनात फसगत ठरलेली. राज्याभिषेक शक आणि शालिवाहन शक दोन्ही ठाऊक असलेल्या वाचकाला हा गोंधळ लवकर उमगेल. पैठणच्या राजाच्या नावाने चालणारा शक मुळात सुरू कुणी केला, यावर अभ्यासकांत अजून वाद आहेतच.

दुसरी ठेच नावांची, आणि ती मोठी आहे. एगॉन अनेक. रेना, रेनीस, रेनीरा, रेनीस पुन्हा एकदा, रेना पुन्हा एकदा. एमन आणि एमंड. बेलॉन, बेला. वंशावळ पुस्तकाच्या शेवटी दिली आहे, पण ती उघडली की कोण कधी मेलं हे एका नजरेत कळतं आणि पुढच्या दोनशे पानांतलं कुतूहल जातं. म्हणून स्वतःची वंशावळ करावी. दोन पानी जोडपान घ्यायचं, आडवं धरायचं, वर एगॉन आणि दोन बहिणी, आणि जसजशी माणसं जन्माला येतील तसतशी भर घालायची. प्रत्येक नावाखाली तीन गोष्टी: जन्मवर्ष, आई किंवा बाप, आणि ड्रॅगन. ड्रॅगन इथे आडनावासारखा उपयोगी पडतो. ड्रीमफायरवर बसते ती रेना राजा एनिसची मुलगी. मॉर्निंग जिची, ती रेना डेमनची मुलगी, नव्वदेक वर्षांनंतरची. मेराक्सेसची रेनीस विजेत्या एगॉनची बहीण, मेलीसची रेनीस तिच्या कितीतरी पिढ्या खालची.

यातही एक खड्डा आहे. ड्रॅगन माणसापेक्षा खूप जास्त जगतो, त्यामुळे एकाच ड्रॅगनला एकामागून एक स्वार मिळतात. बॅलेरियन हा आधी विजेत्या एगॉनचा, मग मेगोरचा, मग राजकन्या एरियाचा, शेवटी पहिल्या विसेरीसचा. वेगारचंही तसंच. म्हणून नुसता ड्रॅगन लिहून भागत नाही. शेजारी वर्ष हवंच. सरदार घराण्यांची नावं मात्र उतरवत बसू नये. शंभरेक घराणी एकदाच येऊन जातात. एखादं नाव तिसऱ्यांदा आलं तरच वहीत घ्यावं.

कुठून सुरू करावं? ड्रॅगनांच्या यादवीवरची दूरचित्रमालिका २०२२ पासून सुरू आहे. ती पाहून आलेल्यांनी ‘हेअर्स ऑफ द ड्रॅगन’ या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. चेहरे ओळखीचे असल्याने नावं पटकन बसतात. तिथून यादवी संपेपर्यंत वाचायचं, मग परत पहिल्या पानावर यायचं. एवढं लक्षात ठेवावं की मालिकेने तीन हकिकतींतली एक निवडली आहे किंवा चौथीच रचली आहे. बीसबरीचं मरण मालिकेत चौथ्याच प्रकारे होतं. त्यामुळे मालिकेत पाहिलं तेच खरं असं धरून पुस्तकात चुका शोधू नयेत. मालिका न पाहिलेल्यांनी मात्र पहिल्यापासूनच वाचावं, फक्त पहिली तीन प्रकरणं घाईने उरकू नयेत.

त्या सुरुवातीच्या भागात डॉर्नची स्वारी आहे, आणि माझ्या मते ती या पुस्तकातली सर्वांत चांगली लष्करी हकिकत. डॉर्न हा दक्षिणेकडचा रखरखीत मुलूख. ड्रॅगन घेऊन राजा येतो तर गढ्या रिकाम्या. गढीचा मालक डोंगरात किंवा वाळवंटात गायब. जाळायला भिंती आहेत, शरण घ्यायला माणूस नाही. राजाचा सेनापती हार्लन टायरेल फौज घेऊन वाळवंटात शिरतो आणि ती अख्खी फौज पुन्हा कुणाला दिसत नाही. राजा मागे ठेवून गेलेले ठाणेदार एकेक करून मारले जातात. ड्रॅगन असून काही उपयोग झाला नाही याची कारणं एकामागून एक, थंडपणे मांडली आहेत: पाणी कमी, अंतर फार, शत्रू एका जागी उभा राहत नाही. गनिमी काव्याच्या मुलखात वाढलेल्या वाचकाला ही पानं दोनदा वाचावीशी वाटतील.

मधला मोठा भाग जेहेरीस आणि त्याची राणी अ‍ॅलिसान यांचा. जेहेरीसने ५५ वर्षं राज्य केलं. मोठी लढाई जवळजवळ नाही, म्हणून घाईचे वाचक इथे पानं उलटतात, आणि इथेच चुकतात. हा कारभाराचा इतिहास आहे. कायद्यांचं एकत्रीकरण, मोठे रस्ते, विधवांना सासरच्या घरातून हाकलू नये असा कायदा, राणीने फक्त बायकांसाठी भरवलेले दरबार. खजिना रिकामा असताना बाहेरून आणलेला खजिनदार रेगो ड्राझ रेशीम, जवाहीर अशा चैनीच्या मालावर कर बसवतो, आणि ज्या सरदाराला नवा किल्ला बांधायचा किंवा जुना वाढवायचा आहे त्याच्यावरही. यात दोन कामं एकदम होतात: पैसा येतो आणि सरदारांची तटबंदी आवरते. पुढे साथीच्या दिवसांत याच माणसाचं काय होतं, ते कर वसूल करणाऱ्या कुठल्याही काळातल्या अधिकाऱ्याने वाचावं.

पाण्याचा प्रसंग मुद्दाम सांगण्यासारखा. राजधानीत लोक नदीचं घाण पाणी पितात. राणी म्हणते विहिरी खणा, नळ घाला. मंत्री खर्चाकडे बोट दाखवतात. राणी नदीच्या पाण्याने भरलेलं भांडं त्यांच्यासमोर ठेवते आणि म्हणते, प्या. कुणी पीत नाही, आणि योजना मंजूर होते. काम पुरं व्हायला मात्र बारा वर्षांहून अधिक लागली, हेही गिल्डेन नोंदवतो. मलिक अंबरने खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जमिनीखालून मातीच्या नळांनी पाणी खेळवलं, त्या नहरीचे बंब आजही शहरात उभे दिसतात. ते पाहिलेल्या माणसाला कल्पित राज्यातली ही बारा वर्षं पोकळ वाटणार नाहीत. कल्पित जग खरं वाटतं ते ड्रॅगनमुळे नाही, अशा विलंबांमुळे.

याच भागात राजकन्या एरियाची हकिकत आहे. ती बॅलेरियनवर बसून नाहीशी होते, वर्षभराने परत येते, आणि तिच्या शरीराचं जे झालेलं असतं ते सेप्टन बार्थ या एका विवेकी माणसाच्या लेखणीतून येतं. काही पानंच आहेत. भयकथेचा एकही ठरीव डाव न वापरता, निव्वळ अहवालाच्या भाषेत, ती अंगावर येतात. रात्री जेवणानंतर वाचू नयेत.

आता जिथे पुस्तक कमी पडतं ते. शेतकरी इथे जवळपास नाही. फौजा महिनोन् महिने चालतात, पण दाणागोटा कुठून आला, वैरण कुणाची उचलली, जळालेल्या रानात पुढच्या वर्षी पेरलं काय, याच्या ओळी मोजक्या. हिवाळा लांबतो, साथ येते, उपासमार होते असा उल्लेख येतो आणि निघून जातो. दख्खनचा खरा इतिहास वाचताना १६३० च्या दुष्काळासारखी घटना राजांइतकीच जागा घेते. इथे राजघराण्याबाहेरचं जग पार्श्वभूमीला राहतं. बखरकार राजदरबारचा आहे म्हणून असं झालं, हे समर्थन अर्धंच पटतं, कारण पाण्याच्या आणि करांच्या पानांवर हाच बखरकार खाली उतरून बघू शकतो हे दिसलेलं आहे.

यादवीनंतरचा, अल्पवयीन तिसऱ्या एगॉनच्या नावाने सात कारभाऱ्यांनी चालवलेल्या राज्याचा भाग लांबला आहे. सवाई माधवरावांच्या नावाने चाललेला बारभाईंचा कारभार ज्यांना माहीत आहे त्यांना रचना ओळखीची वाटेल: गादीवर पोर, भोवती वडीलधारे, प्रत्येकाचा स्वतःचा डाव. कल्पना भक्कम, पण माणसं फार आणि त्यांच्यातले बरेच एकसारखे. मधे एक लांबलचक समुद्रसफर येते ती मूळ धाग्यापासून भरकटते. यादवीच्या दमणुकीनंतर इथे आठवडाभर विसावा घेऊनच पुढे जावं.

आणखी एक गोष्ट घरात पुस्तक आणण्याआधी माहीत असावी. ड्रॅगन आहेत म्हणून हे मुलांचं पुस्तक नव्हे. टार्गेरियन घराण्यात भावाबहिणींची लग्नं होतात, कोवळ्या वयातल्या मुलींची लग्नं आणि बाळंतपणातली मरणं वारंवार येतात, लहान मुलांच्या हत्या आहेत, आणि मशरूमच्या आठवणी उघड अश्लील आहेत. सतरा-अठराच्या आधी हातात देऊ नये. इंग्रजीही थोडी जुन्या वळणाची आहे. सरावासाठी सुरुवातीला रोज वीस पानं पुरेत. त्या वेगाने पाच-सहा आठवड्यांत पुस्तक संपतं. सेप्टन म्हणजे पुरोहित, मेस्टर म्हणजे विद्वान आणि वैद्य, ‘हँड’ म्हणजे मुख्य प्रधान, एवढं आधीच माहीत असलं की शब्दकोश फारसा लागत नाही.

प्रत निवडताना. पुठ्ठा बांधणीची आवृत्ती जड आहे, मांडीवर किंवा टेबलावर ठेवूनच वाचता येते. देवगिरी एक्स्प्रेसच्या वरच्या बर्थवर झोपून वाचायला ती त्रासाचीच. कागदी बांधणीची हलकी आणि स्वस्त, पण एवढ्या जाडीला कणा मोडतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात गाडीत किंवा खिडकीत राहिली तर डिंक सुकून पानं सुटतात. नवी प्रत मधोमध एकदम उघडू नये. आधी पुढून थोडी पानं, मग मागून थोडी, असं करत मध्याकडे यावं. कणा बराच टिकतो. डग व्हीटली यांची पंचाहत्तरहून अधिक कृष्णधवल चित्रं आत आहेत, ती या पुस्तकाचा मोठा भाग आहेत. फूटपाथवर मिळणाऱ्या नकली प्रतींत हीच चित्रं काळ्या डागांसारखी उमटतात आणि शेवटची वंशावळ वाचता येत नाही. औरंगपुऱ्यातल्या दुकानात मागवून घेतलं तर पैसे देण्याआधी कुठलंही एक पानभर चित्र आणि शेवटची पानं उघडून पाहावीत. दोन्ही स्वच्छ असतील तर प्रत अस्सल समजायला हरकत नाही. किंमत सारखी बदलते, तेव्हा ऑनलाइन दर बघून मगच बोलावं.

मोबाइलवर किंवा किंडलवर घेतलं तर चित्रं बारीक होतात, पण नाव शोधण्याची सोय मिळते. ‘रेना’ टाइप केलं की ती पहिल्यांदा कुठे आली ते दोन सेकंदांत सापडतं. दुसऱ्या वाचनासाठी हीच आवृत्ती उत्तम. सायमन व्हान्स यांच्या आवाजातलं श्राव्य पुस्तकही आहे, पंचवीस तासांच्या वरचं. आवाज सुरेख, उच्चार पक्के होतात, पण पहिल्यांदाच नुसतं ऐकून वंशावळ डोक्यात बसणं कठीण. समासातल्या खुणा करता येत नाहीत ते वेगळंच. वाचून झालेल्या प्रकरणांची उजळणी म्हणून ऐकावं.

हा पहिला खंड आहे. गोष्ट तिसऱ्या एगॉनपाशी थांबते, घराणं पुढे आणखी दीडशे वर्षं राज्य करतं. दुसरा खंड जाहीर झालेला आहे, बाजारात आलेला नाही. याच काळावरचं ‘द राइज ऑफ द ड्रॅगन’ हे मोठ्या आकाराचं रंगीत पुस्तक २०२२ मध्ये निघालं. चित्रांसाठी ते घ्यावं, पण या पुस्तकाऐवजी नको. ते ज्ञानकोशाच्या पद्धतीने सरळ हकिकत सांगतं, आणि त्यात युस्टेस, मंकन आणि मशरूम यांचं भांडण गळून गेलं आहे.